गोठलंय तोवर

"नऊच्या आत फाटक ओलांडा, नाहीतर येऊ नका."
व्हर्डाने हे पत्र्यावर रंगवून टांगलंय,
पत्र्याला गोळीची दोन भोकं,
कुणी पाडली ते तिला ठाऊक आहे, सांगत नाही.

आम्ही पोचलो नऊ वाजून वीस मिनिटांनी.
थेन म्हणाला, वीस मिनिटांत
माती काय स्वभाव बदलणार आहे?

मागे हौद्यात बर्फाला भोक पाडायचा गिरमिट,
दोन बादल्या, घडीच्या खुर्च्या.
अळ्यांची डबी थेनच्या आतल्या खिशात,
गळाला लावेपर्यंत गारठू नयेत म्हणून
छातीशी धरलेली.

पहिले चार मैल रस्ता लोखंडाचा.
डबक्यांवरचा बर्फ चाकाखाली
पापडासारखा मोडत होता,
सेजब्रशच्या झुडपांवर पीठ भुरभुरल्यासारखं हिम,
आणि युटाचं ते आभाळ,
ज्याच्याखाली माणूस उगाच हळू बोलतो.

मग उन्हाकडे तोंड केलेला चढ आला.
राखाडी माती.
कुठल्याशा जुन्या ज्वालामुखीची राख म्हणे,
कोरडी असली की बोटांतून गळते,
ओलावली की साबण.
थेनने चारही चाकं जोडली, वेग धरला,
ब्रेकला पाय लावला नाही.
त्याला सगळं येतं.
आणि तरी गाडीचं बूड
डबक्याकडे निघालेल्या म्हशीसारखं
निवांत डावीकडे वळलं,
आम्हाला न विचारता.

बसली. एका जुन्या चाकोरीत, कण्यापर्यंत.

उतरलो. बूट दोन-दोन शेरांचे झाले.
चाकाजवळ वाकलो तर
चिखलातून काळ्या रबराचा कोपरा डोकावत होता.
ओढला.
मागल्या फेब्रुवारीत चाकाखाली घातलेलं
आमचंच पायपुसणं.
थेन हसला.
मलाही हसू यायला हवं होतं.

व्हर्डा गवताच्या कडेकडेने चालत आली,
कोटाला चारा ओढायचा आकडा अडकवलेला.
गाडीकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या पायपुसण्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हीच."

मग बराच वेळाने,
"तुम्ही दुपारपुरते येता.
ही वाळली की दगड होते, मी जूनपर्यंत तिच्यावरून जाते.
एप्रिलात पाडी अडली, ढोरांच्या डॉक्टरची गाडी
इथेच पोटावर टेकली."
पाडीचं काय झालं, मी विचारलं नाही.

"ट्रॅक्टर आहे. आणणार नाही.
एकीच्या चार चाकोऱ्या होतील.
रात्री दोननंतर माती आपणहून सोडते."
आणि गेली, आली तशीच, गवतावरून.

थेनने खुर्च्या उघडल्या.
दिवसभर आम्ही
न दिसणाऱ्या तलावाकडे तोंड करून बसलो.
थर्मासातली कॉफी संपली. त्याच्या घटस्फोटाची गोष्ट
पहिल्यांदाच शेवटापर्यंत ऐकली,
मधे कुठे मासा लागला नाही ना, म्हणून.
मी एकदा फावडं घेऊन चाकोरी बुजवू लागलो.
चिखलात चिखल टाकत होतो.
ठेवलं फावडं.

अंधार पडल्यावर जमीन बोलायला लागली.
आधी काडी मोडल्यासारखं,
मग लांबवर, मग पायांखाली,
कुणी गुपचूप दात चावत असावं तसं.
पाण्याची बाटली घट्ट झाली.
थेनने गाडीचा हीटर लावला नाही, डिझेल वाचवत राहिला.
अडीचला त्याने किल्ली फिरवली
आणि चाकं अशी वर आली
जणू आम्हाला कुणी धरलंच नव्हतं.

व्हर्डाच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
आम्ही हॉर्न दिला नाही.
फाटकाची साखळी हाताला चिकटली,
थोडं कातडं तिथेच राहिलं.

डांबरी रस्ता लागल्यावर थेनने डबी काढून
डॅशबोर्डच्या उजेडात उघडली.
सगळ्या जिवंत. ऊबदार, गुलाबी, वळवळत.

"पुढल्या शनिवारी," तो म्हणाला,
"सहाला निघू."

पायपुसणं माझ्या मांडीवर होतं,
हळूहळू वितळत.

"चारला," मी म्हटलं.