सव्वा वाजता

रात्री सव्वा वाजता खाणीत सुरुंग उडतात.
आधी पेल्यातल्या पाण्याला कळतं,
मग खाटेला, मग तळपायांना.
दक्षिण स्वीडनहून आलेले दचकतात,
गावातले झोपेतच कूस बदलतात.

बारा नंबरला हॉल्गर लान्तो.
चाळीस वर्षं जमिनीखाली,
फुप्फुसांत अजून थोडी खाण उरलेली.
पहिल्या रात्री त्यानं मला नीट न्याहाळलं,
म्हणाला, "डॉक्टर, जरा सिस्टरला पाठवा.
अंथरूण ओलं झालंय."
"सिस्टर मीच," मी म्हणालो.
त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली
आणि उजाडेपर्यंत तसाच पडून राहिला.
म्हणजे सात वाजेपर्यंत. उजाडत नाहीच इथे डिसेंबरात.
मानीपणालाही वास असतो,
मी रात्रभर दारातून घेत होतो.

आमच्या भाषेत या कामाचं नावच बाईचं.
पुरुष आले, संप झाले, पगार थोडे हलले,
शब्द जागचा हलला नाही.
बँकेतला कारकून फॉर्मवरून नजर उचलतो,
मी मीच आहे ना, बघतो.
सुरुवातीला टोचायचा तो शब्द.
आता मोठ्या बहिणीच्या कोटासारखा झालाय:
बटणं उलट्या बाजूला,
पण थंडीत कोण बघतंय.

बाबाही खाणीतच.
कँटीनमध्ये कुणी विचारलं, "रेइनो काय करतो सध्या?"
तर म्हणायचे, "इस्पितळात असतो."
आणि वर कॉफीचा मोठा घोट.
त्या घोटाएवढ्या वेळात
लोकांनी मला डॉक्टर करून टाकलं.
शेवटच्या आठवड्यात त्यांची नखं मीच कापली.
एकेक बोट त्यांनी पुढे केलं,
हिशोबाला बसल्यासारखं.
बोलले काही नाहीत.

सात नंबरची माय-ब्रित मला नको म्हणते.
तिचं नको वेगळं.
त्यात कुणीतरी जुना पुरुष उभा आहे
आणि मी त्याच्याच उंचीचा.
मी पडद्याबाहेर थांबतो, टॉवेल आत देतो,
आत हिबाक तिच्याशी हळू आवाजात बोलत असते.
मग कुणी दीडशे किलोचा घसरला, की तीच हिबाक हाक मारते,
"रेइनो, पाठ दे!"
दारुडा आरडाओरडा करत आला, तरी मीच दारात.
माझ्या पाठीवर या वॉर्डाचा पहिल्या दिवसापासून विश्वास.
हातांना वेळ लागला.

चौथ्या रात्री लान्तोला ताप होता.
सव्वा वाजले. पेला थरथरला.
तो उठून बसला, माझं मनगट पकडलं,
मुकादमाची पकड अजून शाबूत.
"सगळे वर आले?"
"आले."
"मोजलेस?"
"मोजले."
तेव्हा कुठे त्याचे खांदे खाली आले.

मी कोमट पाणी आणलं, साबण, दोन पंचे.
त्यानं काही न बोलता भिंतीकडे तोंड केलं.
पाठीवर कातडीखाली निळे ठिपके,
कुठल्याशा जुन्या स्फोटाचे, कधीच न निघणारे.
मी त्यांच्यावरूनही कापड फिरवलं,
निघणार असल्यासारखं.

"तू वाल्फ्रिदचा ना?" तो भिंतीला म्हणाला.
"हो."
"तो सांगायचा, पोरगा डॉक्टर आहे."
"सांगायचे नाहीत. कॉफी प्यायचे."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला,
खोकल्यानं त्याला पुढे वाकवलं.
मी एका हातानं कपाळ धरलं, दुसऱ्यानं छाती,
आणि बराच वेळ आम्ही तसेच होतो,
खाटेच्या काठावर, दोन पुरुष,
एक उघडा, एक पांढऱ्या कपड्यांतला.

मग त्याला श्वास सापडला.
"पाणी गार झालंय," तो म्हणाला,
पाळीवरच्या नव्या पोराला म्हणावं तसं.
मी बदलून आणलं.