मोड

पंचायतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे.
रोज साडेआठला मी वर जाते,
नरसाळ्यात अडकलेलं लिंबाचं पान काढते,
मापाची काच डोळ्यांसमोर धरते
आणि वहीत लिहिते शून्य पूर्णांक शून्य.
वही कन्नड आहे.
शून्य दोन्हीकडं सारखंच गोल.

मळे इल्ला, म्हणतात इथं. पाऊस नाही.
नवी नवी सासरी आले तेव्हा
मला ऐकू यायचं, मळे नाहीत.
यंदा दोन्ही अर्थ लागतात.

मंगळवारी गुरुसिद्धप्पा क्लार्कचा फोन.
सांबऱ्याहून विमान उठलंय,
अथणीवर येऊन मोड बित्तने करणार, नीट लक्ष ठेवा.
मोड म्हणजे ढग, बित्तने म्हणजे पेरणी,
हे आता झोपेतही ठाऊक असतं,
तरी डोळ्यांपुढं आली
फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली मटकी,
रात्रभर ओल धरून
सकाळी पांढरं शेपूट काढणारी.

विमान आलं. अगदीच लहान.
अडलेल्या म्हशीभोवती डॉक्टर फिरतो
तसं एकाच ढगाखालून तीनदा फिरलं,
मीठ सोडलं म्हणे, चांदीचंसुद्धा,
आणि गेलं.
मग तो ढगही गेला
उमदीच्या अंगानं, शीव ओलांडून,
पाटी न वाचता.

रात्री तिकडून शेवंता:
'नुसतं गडगडलं गं आमच्याकडं.
धार तुम्हीच काढून घेतलीत वाटतं?'
म्हटलं, आम्ही तर मीठ घातलं.
'मग नासलं असेल,' म्हणाली,
आणि दोघी हसलो, बराच वेळ,
बॅलन्स संपेपर्यंत.

बुधवारी काचेत अकरा मिलिमीटर.
खाली अंगण कोरडं. दोरीवरचे कपडे कोरडे.
कोंबड्या धुळीत अंग घुसळतायत.
पुन्हा बघितलं. अकरा.
जिन्यात तिसरीतला सिद्राम,
हात पाठीमागं,
पाठीमागं शाळेची बाटली.
कशाला रे?
'विमान आलं नि गेलं.
त्याला वाईट वाटंल.'

काच मी त्याच्या बाटलीत उपडी केली,
थेंब आपटून आपटून,
आणि वहीत शून्य लिहिलं.
हात जरा थांबला होता,
हे कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी पहाटे पत्रा वाजला.
दोन पूर्णांक चार.
गुरुसिद्धप्पा विचारतो, विमानाचा का आपला?
मी म्हटलं, वहीत तसा रकाना नाही, सर.
विमान आलंच नसतं तर किती पडला असता
ते मोजायचं भांडं
अजून कुणी पाठवलेलं नाही.
तो म्हणाला, वर काहीतरी कळवावं लागतं.
आणि फोन तसाच धरून राहिला.

मी वळले तर जिन्यात सिद्राम,
दोन्ही तळवे उघडे, पुढं केलेले:
'आज मी नाही, अक्का.'