झाकण

उभादांड्याला सत्यभामा केळुसकरांच्या पडवीत
आगळाच्या भरणीवर ती झाकण म्हणून होती,
दहा इंची, काळी,
मधल्या भोकावर नेमका बसणारा एक गोटा.
मी गेलो होतो मिक्सर दुरुस्त करायला.

लेबल वाळवीनं खाल्लेलं.
सोनेरी अक्षरांतला एक काना तेवढा शिल्लक,
कुठल्याही नावातला असू शकेल असा.

तसं लेबलावर विसंबतो तो नवशिका.
कव्हरं दुकानदार बदलत, लेबलं कंपन्या बदलत.
रेकॉर्ड ओळखायची ती शेवटच्या रिंगणात,
गाणं संपून सुई नुसतीच फिरते तिथं.
कुणीतरी हातानं आकडे खरवडलेले असतात.
चष्मा कपाळावर, रेकॉर्ड उन्हात तिरकी.
पुसायची रिठ्याच्या पाण्यानं, जुन्या मलमलीनं,
खाचेच्या वळणानं. आडवी कधीच नाही.

मथुराबाई आरोंदेकरांच्या एकशे बारा आहेत माझ्याकडे.
काही मालवणच्या एका खानावळीच्या माळ्यावरून,
काही शिरोड्याच्या मिठागरातल्या मुकादमाकडून,
एक पास्कू फर्नांडिसकडची, पैशाला दिली नाही त्यानं,
छताच्या पंख्याला दिली.
खारा वारा लोखंड खातो, रेकॉर्डला हात लावत नाही.
तिला खाते बुरशी. आणि घरची माणसं.

एकशे तेरावी मिळत नव्हती.
त्या गाण्याची पहिली खेप
कंपनीनं आठवड्यात परत मागवली म्हणे.
का, ते प्रत्येक म्हातारा दुकानदार वेगळं सांगे.
दुसऱ्या खेपेत आकड्यांच्या शेवटी दोन आहे.
भरणीवरच्या झाकणावर एक होता.

दुसऱ्या दिवशी प्लेअर नेला,
स्कूटरवर, चादरीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा.
कडेचे तीन वेढे आगळानं तांबडे, तिथं नुसती खरखर.
मग मथुराबाई.
व्होल्टेज पडलं की त्या काळी चारवरून
काळी तीनला उतरत, परत चढत.
अंतऱ्यात, तान संपते नि सम यायची असते
तेवढ्या फटीत
कुणीतरी खोकलं.

बारीक. दाबलेलं. मागून, तंबोऱ्याच्या बाजूनं.
हीच ती! म्हणून परत मागवली!
माझे हात कापत होते.
मनात हिशेबही चालू होता, खोटं कशाला बोलू:
हिला तीनशे सांगायचे.

सत्यभामा कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
'रव. परत लाय.'
लावली.
'परत.'
सुपातले हात थांबले.
'खोकली ती माजी आवस.'

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं:
वेंगुर्ल्याहून बोटीनं मथुराबाईंबरोबर मुंबईला गेलेली,
अंगात ताप, घशात खवखव,
सगळं गाणं गिळत बसलेली आणि एवढंच निसटलं.
पुन्हा बोलावणं आलं नाही.
तंबोरा विकून म्हैस घेतली.
'माजो आवाज रेकॉर्डीत आसा, म्हणायची.
आमका वाटला, खोटा सांगता.'

तीनशेचं मी काढलंच नाही.
तिनं रेकॉर्ड पदराला पुसली, आडवी.
मी काही बोललो नाही.
आत नेऊन ठेवली, बहुतेक कपाटात, दार वाजलं.
बाहेर येऊन भरणीकडे बघत राहिली.
'आता हेच्यार काय ठेवू?'
पिशवीत मिक्सरचं एक जुनं झाकण होतं, ते दिलं.
बसलं नाही नीट.

माझ्या वहीत रकाने आहेत:
गायिका, कवी, चाल, आकडे, अवस्था.
साथीचा रकाना नव्हता, कव्हरांवरच नसतो.
समासात, उभं, लिहिलं:
तंबोरा आणि खोकला, वेणू केळुसकर.

घरची स्वच्छ प्रत लावली की
त्या फटीपाशी हल्ली माझाच घसा खवखवतो.

मिक्सरचे साठ रुपये
तिनं मोजून दिले, सुटे.