प

बाराखडीत माझ्यापुरतं एकच दार कुलपाचं.

पाव. पाणी. पेन. पन्नास.
कँटीनमध्ये मला पॅटिस हवा असायचा
आणि मी बिस्किटं खाऊन वर्गात यायचो.
रायबंदरच्या थांब्यावर कंडक्टर विचारायचा, खंय?
मी म्हणायचो, शेवटचं.
पणजी म्हणावं लागू नये म्हणून
दोन वर्षं मी शेवटच्या ठिकाणी जात राहिलो.

आणि नाव पुंडलीक.
पणजोबांचं. त्यांना काय माहीत.

चोडणच्या धक्क्यावरून सव्वासातची फेरीबोट.
साखळ्या खडखडत फळी वर गेली
की कुणाला कुठे जाता येत नाही,
ह्या काठापासून त्या काठापर्यंत.
रोहिदास, सर्वानंद आणि तो उंच जोकिम
स्कूटरींमधून वाट काढत यायचे.
नाव सांग, बॅग देतो.
बॅग कठड्याबाहेर, एका पट्ट्यावर.
खाली मांडवी.
मी प्‌पाशी उभा. प्. प्.
ओठ शिवल्यासारखे,
आणि त्यांचा मोबाईल माझ्या ओठांवर.
अडतीस सेकंद.
दुपारपर्यंत सगळ्या वर्गानं मोजले होते.

आई म्हणाली, लक्ष देऊ नकोस.
मग लक्ष ठेवू कुठे, ते तिनं सांगितलं नाही.

कायतान फेरीचा दोर बांधायचा.
इंजिनानं त्याचा डावा कान खाल्लेला, उजवा अर्धा,
म्हणून तो सगळ्यांनाच दोनदा विचारायचा, कितें?
तलाठ्याला, मासळीवालीला,
दुर्बीण घेऊन पक्षी बघायला आलेल्या साहेबाला.
आणि तळवा कानामागे धरून
तोंडाकडे बघत राहायचा.

ऑगस्टात एका सकाळी माझं फिजिक्सचं जर्नल पाण्यात गेलं.
त्यानं लांब आकडीनं ते ओढून काढलं.
निळी शाई खारफुटीकडे निघालेली.
कोणी टाकलं?

सांगायला अख्खी नदी लागली.
एक वाक्य. मधे एक बार्ज गेला,
त्याच्या लाटेनं बोट हलली,
मी पुन्हा पहिल्या शब्दावर आलो.
कायतानने माझं वाक्य पुरं केलं नाही.
सगळे करतात. दयाळू माणसं तर हमखास.
रायबंदरला दोर टाकायची वेळ झाली
तेव्हा त्यानं दुसऱ्या खलाशाला खूण केली,
तू टाक.

शनिवारी तो शाळेत आला.
इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस तसंच.
लॉर्ना टीचरच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन
मोठ्यानं, कारण आपला आवाज त्याला कळत नाही,
म्हणाला, ह्या भुरग्याक सांगूंक जाय. तुमी आयकात.
स्टाफरूममधले पाचही जण गप्प झाले.
मी सांगितलं.
अकरा मिनिटं लागली असतील.
कुणी घड्याळ बघितलं नाही,
किंवा मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

व्हिडिओ गेला, म्हणजे दिसेनासा झाला.
जोकिमला बापानं पट्ट्यानं मारलं, ते मला नको होतं.
सर्वानंद अजून मागून प् प् करतो, पण एकटाच,
आणि एकट्याला ते नीट जमत नाही.
रोहिदास बोटीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो.
आम्ही बोलत नाही.

बुधवारी बांबोळीच्या हॉस्पिटलात एक बाई मला श्वास शिकवतात.
म्हणाल्या, जाईल असं नाही, पण सोबत राहायला शिकशील.
मला राग आला. पुढच्या बुधवारी परत गेलो.

काल कंडक्टर म्हणाला, खंय?
शेजारी एक बाई, मांडीवर अळूची जुडी.
मी म्हणालो, प्
आणि तिथेच राहिलो.
बस बांधावर चढली, दोन्हीकडे मिठागरं.
कंडक्टरचा हात कानामागे नव्हता,
सुट्ट्या पैशांवर होता, आणि तो चिडला होता.
तरी मी शेवटचं म्हटलं नाही.