आरसा, तळव्यासाठी

अठरा माग एकदम चालतात
तेव्हा माणसाला माणसाचं ऐकू येत नाही,
पण सातव्या मागावर तार तुटली
की मला कळतं.
कसं, ते विचारू नका.
मान वळायच्या आधी हात पोचलेला असतो,
गाठ बसलेली असते,
आणि डोकं मागून येतं
उशिरा आलेल्या मुकादमासारखं,
काय झालं बे, म्हणत.

या हातावर, या कानावर
बत्तीस वर्षं घर चाललं.
म्हणून साखर निघाली
तेव्हा तिलाही मी कानानंच धरायला गेलो.
तोंड कोरडं म्हणजे वाढली,
हात थरथरले म्हणजे उतरली,
बरं वाटतंय म्हणजे बरं आहे.
बरं वाटायचं त्या दिवशी गोळी राहायची.
चांगल्या चालत्या मागाला कोण तेल घालतं?

सगळेच घालतात की.
मीच घालायचो, पाळी सुरू होताना, रोज.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं सरकवला.
राजेशम काका, तीन महिन्यांची साखर
नऊ पॉइंट आठ.
मला तर काही जाणवत नाही, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, तेच तर.
मला वाटलं,
त्या माझ्याच बाजूनं बोलतायत.

अशोक चौकात मला बघून
टपरीवरचा पोरगा विचारत नाही, कप भरतो.
मीही विचारत नाही.
अर्धा संपल्यावर आठवतं, बिनसाखरेचा सांगायचा होता.
अर्धा संपलाच आहे, मग उरलेला कशाला टाकायचा?
हा हिशोब मात्र डोकं झटक्यात करतं.

मग एप्रिलातली ती दुपार.
सिद्धेश्वराच्या आवारात फरशी तव्यासारखी तापलेली,
माणसं टाचांवर, बोटांवर, उड्या मारत सावली गाठत होती.
एक पोलीससुद्धा नाचत गेला.
मी सावकाश चाललो.
एक बाई म्हणाली, बघा, भक्ती असावी तर अशी.
मला ते पटलं.
घरापर्यंत पटत राहिलं.

नरसव्वा सुपात विड्या वळत बसलेली,
टीव्हीकडं बघत. पंचवीस झाल्या की तिचा हात
आपोआप थांबतो, दोऱ्याकडं जातो.
त्या दिवशी एकवीसवर थांबला.
फरशीवर माझी पावलं उमटली होती,
ओली.
दोन्ही तळव्यांना फोड, रुपयाएवढे,
आणि एक फुटलेला.

ती ओरडली नाही. कुंकवाचा आरसा आणला,
तळव्याखाली धरला.
पन्नाशी उलटल्यावर मी
माझे तळवे पहिल्यांदा बघितले.

फोल्डिंग खात्यात चादर दिव्याच्या टेबलावर येते.
तिथली बुऱ्लामावशी डोळ्यावर विसंबत नाही,
बोट फिरवते, इंच इंच, पुन्हा उलट्या बाजूनं.
म्हणायची, डोळा लबाड असतो,
त्याला चांगला कपडाच दिसतो.
तसं बघायचं ठरलं. टाच, कड, बोटांमधल्या फटी.
चार दिवस बघितलं.
पाचव्या दिवशी विसरलो, सहाव्याही.

सातव्या रात्री दिवा मालवायला गेलो
तर बटणावर आरसा लटकलेला,
मागाच्या सुतानं बांधून.
तो काढल्याशिवाय अंधार होत नाही.
नरसव्वा भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखी.

आता दिवाळी झाली.
हात आपणहून आरशाकडं जातो,
आणि त्याचीच मला भीती वाटते.
हातानं बघितलं, पण मी बघितलं का?
म्हणून मोठ्यानं मोजतो,
अप्पा बॉबिन मोजायचे त्या भाषेत,
ओकटी, रेंडू, मूडू,
एकेका बोटाशी थांबत, नालुगू,
करंगळीची फट उघडून, दिव्याकडं धरून,
ऐदू.

चहाचं अजून जमलेलं नाही.