कुंपणापलीकडचं झाड

थर्मननं पिकानचं रोप आणलं ते रोप कसलं, काठीच,
ओल्या भुशात गुंडाळलेली,
खाली हातभर सोटमूळ.
जानेवारी. जॉर्जियाची लाल माती बुटांना चिकटत होती.
कमरेइतका खड्डा खणला. मूळ दुमडायचं नाही, म्हणाला,
आणि कात्रीनं वरची अर्धी काठी छाटून टाकली.
मी ओरडलेच. बारा डॉलरची काठी!
खाली उरलंय तेवढंच वर पेलतं, ओझेला.

घरापासून वीस ढांगा मोजल्या, त्याच्या लांब पायांच्या.
मला वाटलं, सावली काय रस्त्याला द्यायचीय?
आता फांदी छपराला टेकलीये.

आठ वर्षं नुसती पानं.
जस्ताचं पाणी फवारलं, खोडाला चुना दिला,
मुलीचं लग्न झालं, तरी पानंच.
नवव्या वर्षी अकरा पिकान.
बारावा खारीनं नेला, माझ्यादेखत.
मग झाडानं स्वभाव दाखवला:
एक साल पोती, एक साल सुट्टी.

क्रम्प्लरशी भांडण त्याच सुमारास.
त्याच्या झाडाचे सुरवंट आमच्याकडे,
आमचे पिकान त्याच्या हद्दीत, आणि तो वाकून वेचतोय.
थर्मन गेला तेव्हा आला नाही.
पायरीवर झाकलेली थाळी होती.
मी ती तशीच त्याच्या पायरीवर ठेवून आले.

गेल्या मार्चच्या वादळात त्याचं झाड आडवं झालं.
चार दिवस करवत.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
माझ्या टोमॅटोंवर ऊन आलं.

साल भरायचं होतं, पण जूनमध्येच बारीक फळं गळाली,
मुठी-मुठीनं.
शेतकी खात्याची पोरगी आली, फांदी वाकवून म्हणाली,
तुमच्या झाडाचा पराग आधीच उडून जातो,
फुलं मागाहून जागी होतात.
दुसऱ्या जातीचं झाड होतं का जवळपास?

एप्रिल-एप्रिलला गाडीच्या काचेवर बसायची
ती पिवळी धूळ.
बावीस वर्षं शिव्या देत पुसली मी.

या जानेवारीत काठी घेऊन त्याचं दार वाजवलं.
तो माझ्याकडे नाही, मुळाकडे बघत राहिला.
कमरेइतका माझ्यानं होणार नाही, म्हणाला.
गुडघ्याइतका मी खणला, पुढचा त्याच्या नातवानं.
छाटायची वेळ आली
तेव्हा त्यानं कात्री माझ्या हातात दिली.