उताराखालची वाळू

दर तीन महिन्यांनी, मंगळवारी,
दंडात लाल औषधाची सुई.
नर्स नवी आहे. विचारते, किती वर्षं झाली?
चौदा, म्हणते मी.
ती पडद्याकडे बघते, मग माझ्याकडे,
मग परत पडद्याकडे,
तारीख टाइप करताना कुणाचा तरी हात चुकला असावा तशी.

पोटापाण्यासाठी आलो होतो आम्ही स्वान्सीला.
पाणी इथे मुबलक; वरून, खालून, आडवंसुद्धा.
पोट मात्र एका जूनमध्ये काढून घेतलं त्यांनी,
अन्ननलिका थेट आतड्याला शिवली
आणि बजावलं, आता भुकेवर विसंबू नका,
घड्याळ लावून जेवा.

आई फोनवर चिडायची. जठर म्हण गं, जठर.
पोट गेलं काय म्हणतेस?
मग रेवती कुठे वाढली होती?

सर्जन प्रॉथरोंना म्हटलं होतं, लपवू नका.
त्यांनी पाकिटाच्या पाठीवर एक रेघ काढली.
कॉन्स्टिट्यूशन हिलच्या रस्त्यासारखी,
जिथे उतरताना भिंत धरावी लागते,
तशी सुटलेली खाली,
आणि अगदी शेवटी सपाट,
ओहोटीच्या वाळूसारखी.
इथे काही माणसं असतात, म्हणाले.
काही.
आयुष्यभर लॅबमध्ये पेशी मोजलेल्या मी
किती, ते विचारलं नाही.

तर मी त्या वाळूवर राहते.
पर्समध्ये डबी. दोन चमचे पोहे, चार बदाम,
अर्धं उकडलेलं अंडं.
लग्नाकार्यात ‘पोटभर जेवा’ म्हणणाऱ्यांना
हसून मान डोलावते.
मोह होतो कधी. श्रीखंडाचा एक चमचा जास्त,
की वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड,
आणि मी कुणाच्या तरी जिन्यात बसलेली,
सँडल काढून.
श्रीरंग आता घाबरत नाही. घड्याळ बघतो
आणि शब्दकोडं सोडवत बसतो शेजारी.

आज सुई घेऊन बाजारात गेले,
तर कॉकल्सच्या गाड्यापाशी मेन्ना.
ग्लिनची मेन्ना.
केमोच्या खुर्च्या शेजारी होत्या आमच्या, त्याची आणि माझी.
पोलादाच्या भट्टीतला माणूस,
सुई दिसली की डोळे मिटायचा
आणि बरं झाल्यावर काय काय खाणार ते सांगायचा.
पहिलं नाव कॉकल्सचं. व्हिनेगर सढळ.
एकोणिसाव्या महिन्यात गेला,
उतारावरच.

मेन्नानं मला ओळखलं.
तिची नजर एक क्षण,
एकच,
माझ्या कोटाच्या मधल्या बटणावर थांबली.
मी ती नजर पोटात घातली.
मराठीत हे करता येतं,
जठर नसलं तरी.

काय बोलणार? पाऊस, नातवंडं, गुडघे.
मग तिनं एक छोटा कप घेतला,
पांढरी मिरी घातली, व्हिनेगर इतकं की डोळे चुरचुरले,
आणि दोन काड्या टोचून मधे धरला.
मी तीन खाल्ले. सावकाश, बत्तीस बत्तीस वेळा चावून,
ती बघत असताना.
उरलेले तिनं संपवले,
तळाचं व्हिनेगरसुद्धा तोंडाला लावून.

मग मला बसावं लागलं, बाकावर.
कानांमागे घाम.
मेन्नानं माझी छत्री धरली, पिशवी धरली,
काही विचारलं नाही.
तिला हे सगळं माहीत होतं,
एकोणीस महिन्यांचं शिक्षण होतं तिचं.

बरं वाटल्यावर बघते तर साडेअकरा.
खायची वेळ झाली, म्हटलं.
आत्ता तर खाल्लंस, म्हणाली ती,
आणि हसू लागली,
आणि हसता हसता रुमाल शोधू लागली.
मी डबी उघडली.
एक बदाम तिच्या हातावर ठेवला.